लेकराच्या वर्षाचा हिशेब : मुलांच्या पोटगीच्या अभ्यासाची प्रस्तावना

पोटगीच्या अर्जात शेवटी एक आकडा येतो : मुलासाठी दरमहा अमुक रुपये. तो कसा काढला, त्यात दूध किती, दवाखाना किती, शाळेची रिक्षा किती, हे अर्जात क्वचितच सापडते. समोरच्या बाजूच्या म्हणण्यात दुसरा आकडा असतो, पहिल्यापेक्षा बराच लहान, आणि त्याचाही हिशेब नसतो. मग न्यायाधीशांना या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी तिसरा आकडा लिहावा लागतो आणि पुढची कित्येक वर्षे एक लेकरू त्या तिसऱ्या आकड्यावर वाढते. मुलांच्या पोटगीचा अभ्यास म्हणजे या आकड्यांच्या पोटात काय आहे ते उघडून पाहणे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, वकिलांचे, समुपदेशकांचे, शिक्षकांचे आणि ज्यांच्या घरातच हा प्रश्न येऊन बसला आहे त्यांचेही मी मनापासून स्वागत करते. कायद्याची पदवी नसली तरी अडत नाही. घर चालवल्याचा अनुभव मात्र इथे फार कामाला येतो.

हा अभ्यास मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात बसून करते, त्याला कारण आहे. पोटगीचा कायदा महिन्याच्या हिशेबाने चालतो. भत्ता दरमहा, देणे दरमहा, थकबाकीही महिन्यांत मोजलेली. पगारदाराच्या घराला ते सोयीचे आहे. पण सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पैसा येतो तो केळीच्या कटाईला. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. लागवडीपासून घड कापणीला यायला जवळपास वर्ष जाते आणि तोवर खते, ठिबक, मजुरी यांत पैसा जातच राहतो. मे-जूनच्या वादळाने उभी बाग आडवी झाली किंवा ऐन कटाईत भाव पडला, तर वर्षाचे गणित एका आठवड्यात फिरते. अशा घरातला बाप न्यायालयात सांगतो की माझे महिन्याचे उत्पन्न काहीच नाही, आणि वर्षातले बरेच महिने ते खरेही असते. मुलाची भूक, ताप आणि शाळा मात्र हंगाम पाहून येत नाहीत. उत्पन्न वर्षाचे आणि खर्च रोजचा, यांची गाठ कशी घालायची, हा खानदेशाने या अभ्यासापुढे ठेवलेला मूळ प्रश्न आहे. माझे उत्तर असे की दोन्ही बाजू आधी पूर्ण वर्षावर मांडाव्यात आणि मगच बाराने भागावे. पुढचे सारे विवेचन या एका म्हणण्याभोवती आहे.

मुलाला काय काय लागते, हा प्रश्न कायद्याने फार उशिरा विचारला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. टाकलेली बायको आणि मुले उघड्यावर येऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू. म्हणून रकमेला कमाल मर्यादा होती : महिन्याला ५० रुपये. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या संहितेत हेच कलम १२५ या क्रमांकाने आले, पण पाचशेची मर्यादा तशीच राहिली. केंद्रीय कायद्यातून ती निघाली २००१ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगीची सोय केली आणि तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. हे कलम सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे. मुस्लिम वडिलांवरही या कलमाखालची मुलांची जबाबदारी कायम राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने नूर सबा खातून खटल्यात १९९७ मध्ये स्पष्ट केले. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचाही हक्क यात मानलेला आहे. एवढे सगळे असूनही खर्चांची यादी या कलमात नाही. चरितार्थासाठी दरमहा भत्ता, एवढेच ते म्हणते.

यादी सापडते ती १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात. हिंदू संहितेतले कायदे संसदेतून पार नेण्याचे काम त्या वर्षांत ज्यांच्या खांद्यावर होते, ते विधी मंत्रालयातले मंत्री हरि विनायक पाटसकर पहिल्या लोकसभेत जळगावचे खासदार होते, ही गोष्ट आपल्या भागातल्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये निर्वाहात पाच गोष्टी धरल्या आहेत : अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय देखभाल व उपचार. अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही. हा कायदा हिंदूंपुरता असला तरी ही पाच नावे पुढे कलम १२५ च्या प्रकरणांतही मोजपट्टी म्हणून वापरात आली. नव्या वाचकाने ही पाच नावे पाठ करून थांबू नये. प्रत्येक नावाखाली घरातल्या किती गोष्टी येतात ते पाहावे, कारण भांडण तिथेच आहे.

अन्नाच्या खात्यात लोक किराणा लिहितात आणि थांबतात. दूध, फळे, शाळेचा डबा, सिलिंडरमधला वाटा राहून जातो. वस्त्राच्या खात्यात दिवाळीचे कपडे येतात, पण गणवेशाचे दोन जोड, बूट, रेनकोट, स्वेटर येत नाहीत. वाढत्या मुलाला हे दर वर्षी नवे लागते, मागच्या वर्षीचे आखूड होते. वैद्यकीय खात्यात दवाखान्याचे बिल लागते. पण दुखणे सावद्यात आवरले नाही तर भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागते. तेव्हाचे गाडीभाडे, बाहेरचे जेवण आणि मुलाजवळ बसल्यामुळे आईची बुडालेली रोजी कुठल्याच बिलात छापलेली नसते.

सर्वात जास्त गैरसमज निवासाबद्दल आहे. खानदेशात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई बहुधा माहेरी येते, म्हणजे लेकरू मामाच्या घरी वाढते. मग युक्तिवाद होतो की राहायला घर आहे, भाडे लागत नाही, सबब निवासाचा खर्च शून्य. मला हा युक्तिवाद मुळातच चुकीचा वाटतो. मामाचे घर मामाच्या पैशाने उभे आहे. त्या घरातली एक खोली, पाणीपट्टी, घरपट्टी, वीजबिल यांतला भाच्याचा वाटा मामा आणि आजी-आजोबा उचलत असतात. एप्रिल-मेमध्ये इथले तापमान ४५ अंशांपर्यंत जाते तेव्हा तापाचे पोर कूलरशिवाय झोपवता येत नाही, आणि त्या महिन्याचे वीजबिल हा मुलाच्या जगण्याचाच खर्च आहे. मामाने प्रेमाने केलेला खर्च ही वडिलांना मिळालेली सूट मानता येणार नाही. वडिलांची जबाबदारी तेवढ्याने कमी होत नाही. आज ती दुसरा कोणी तरी पेलतो आहे, इतकाच त्याचा अर्थ.

शिक्षणाचे खाते सर्वात गुंतागुंतीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, पहिली ते आठवीची पुस्तके मोफत मिळतात, ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पासही मोफत आहे. म्हणून शिक्षणाला काही लागत नाही असे म्हणायचे का? ज्याने एकदा जूनमध्ये मुलाला शाळेत घातले आहे तो असे म्हणणार नाही. आई-बाप एकत्र असताना मुलीला फैजपूरच्या इंग्रजी शाळेत घातले असेल, तर ते वेगळे झाल्यावर तिने शाळा बदलावी अशी अपेक्षा धरणे म्हणजे भांडणाचा दंड तिच्याकडून वसूल करणे. मुलांचे राहणीमान घर एकत्र असतानाच्या राहणीमानाशी शक्य तितके जुळते असावे, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार मान्य केले आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आर्थिक मदत पुरेशी, वाजवी आणि पीडितेच्या सवयीच्या राहणीमानाशी सुसंगत असावी असे सांगितलेले आहे, आणि त्या मदतीत मुलांचा निर्वाहही येतो.

वर्षाच्या हिशेबाचा मुद्दा एका नमुन्यावरून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. सात वर्षांची मुलगी, आईसोबत सावद्यात. जूनमध्ये प्रवेश, गणवेश, दप्तर, वह्या आणि रिक्षाचे आगाऊ पैसे मिळून १२,००० रुपये गेले. शिकवणीचे महिन्याला ५००, पण दहाच महिने, म्हणजे ५,०००. रिक्षा महिन्याला ८००, एक महिना जूनच्या रकमेतच आला, उरलेल्या नऊ महिन्यांचे ७,२००. सहल, स्नेहसंमेलन, परीक्षा शुल्क असे सटरफटर १,८००. बेरीज २६,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे २,१६७. आता हीच आई ऑक्टोबरमध्ये अर्ज लिहायला बसली, तर त्या महिन्यात तिने शिकवणीचे ५०० आणि रिक्षाचे ८०० दिलेले असतात. ती ‘शिक्षण : दरमहा १,३००’ असे लिहून मोकळी होते. दरमहा ८६७ रुपये अर्ज लिहितानाच हातचे गेले, वर्षाचे जवळपास साडेदहा हजार. यात कोणी तिला फसवलेले नाही. तिने चालू महिना पाहिला, वर्ष पाहिले नाही. औषधपाणी, कपडे, सणवार यांच्या खात्यांतही असेच होते. पावसाळ्यातल्या आजारपणाचा खर्च उन्हाळ्यात लिहिलेल्या अर्जात येत नाही.

दुसरी बाजू उत्पन्नाची. इथे सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल प्रत्येक अभ्यासकाने मुळातून वाचावा. खटला आपल्याच राज्यातला, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला. त्या न्यायालयाने मुलासाठी १ सप्टेंबर २०१३ पासून दोन वर्षे दरमहा ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून दरमहा १०,००० रुपये अंतरिम पोटगी दिली होती. मूल वाढते तसा आकडा वाढला पाहिजे, ही गोष्ट त्या आदेशाच्या रचनेतच दिसते. सर्वोच्च न्यायालयाने या निमित्ताने साऱ्या देशासाठी पद्धत घालून दिली. दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. मुलांच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार, शिक्षण यांच्याबरोबर शिकवणी वर्ग आणि व्यवसाय-प्रशिक्षणही धरावे, मात्र रक्कम वाजवी असावी, असे त्यात आहे. शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी उचलावा आणि आई पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा, असेही.

या निकालाला जोडलेला प्रतिज्ञापत्राचा एक नमुना खास शेतकऱ्यांसाठी आहे, आणि सावद्याच्या वाचकाने त्याच्यावर सावकाश बोट फिरवावे. जमीन किती, मालकी की हिस्सा, बागायत की जिरायत, वर्षात कोणती पिके घेतली, गेल्या तीन वर्षांत त्या जमिनीतून किती उत्पन्न आले, दुसऱ्याची जमीन बटाईने केली आहे का, गाई-म्हशी किती, जमिनीवर कर्ज किती, हे सगळे त्यात विचारलेले आहे. तीन वर्षांचे उत्पन्न विचारले, यात केळीवाल्यावर अन्याय होऊ न देण्याची सोय आहे, आणि मुलावरही. एक वर्ष वादळाचे, एक भावाचे, एक मध्यम, अशी सरासरी निघाली की कोणालाच एका हंगामावर बोट ठेवता येत नाही. इथला नेहमीचा पेच वेगळा आहे. सातबारा आजोबांच्या नावावर, बाग मुलगा करतो, आणि न्यायालयात तो म्हणतो, माझ्या नावावर गुंठाही नाही. अशा वेळी ई-पीक पाहणीची नोंद, विकास सोसायटीचे पीककर्ज, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, ठिबकची बिले हे कागद बोलतात. शिवाय धडधाकट माणसाने कष्ट करून बायको-मुलांना पोसलेच पाहिजे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या अंजू गर्ग खटल्यातही पुन्हा मांडली आहे. २००५ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आणखी एक सोय आहे : रक्कम थकली तर न्यायदंडाधिकारी प्रतिवादीच्या मालकाला किंवा त्याला देणे लागणाऱ्याला परस्पर पैसे देण्याचा आदेश करू शकतात. केळीचे पैसे व्यापाऱ्याकडे येणे असतील तर माझ्या वाचनाप्रमाणे तो व्यापारी या शब्दांत बसतो. आपल्या भागातल्या वकिलांनी ही तरतूद अधिक वापरावी असे मला वाटते.

किती द्यायचे, याचे तयार कोष्टक आपल्याकडे नाही. जर्मनीत १९६२ पासून ड्युसेलडॉर्फ कोष्टक आहे. पैसे देणाऱ्या पालकाचे उत्पन्न आणि मुलाचे वय पाहिले की रक्कम समोर येते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात उत्पन्नाची टक्केवारी ठरलेली होती : एका मुलाला १७ टक्के, दोघांना २५. तिथल्या बहुतेक राज्यांत आई-बाप दोघांचे उत्पन्न एकत्र धरून मुलाचा वाटा काढतात, आणि आरोग्य विमा, पाळणाघर हे खर्च निराळे मोजतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवर हा प्रसंग येतो तेव्हा त्यांना या कोष्टकांतूनच जावे लागते. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अनुरिता व्होरा खटल्यात वाट्यांची पद्धत सुचवली : कुटुंबाच्या उत्पन्नाचे वाटे पाडून कमावणाऱ्याला दोन आणि बाकी प्रत्येकाला एक. वाटणी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या लोकांना ही पद्धत लगेच कळते. आई-वडील दोघेही नोकरीत असलेल्या पद्मजा शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मुलांचा खर्च वडील दोन भाग, आई एक भाग असा वाटला होता. मला स्वतःला कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष खर्चाची मांडणी जवळची वाटते. कोष्टक पगारावर चालते, आणि आपल्या अर्ध्या जिल्ह्याला पगार नाही.

एका ठिकाणी मात्र कायदा मुलाला अर्ध्या वाटेत सोडतो. कलम १४४ प्रमाणे मुलाचा हक्क साधारणपणे सज्ञान होईपर्यंत, म्हणजे अठरा वर्षांपर्यंत. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलांना तो पुढेही मिळतो. अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या कायद्याखाली लग्नापर्यंत निर्वाह मागता येतो, हे २०२० च्या अभिलाषा खटल्यात स्पष्ट झाले. पण मुलगा बारावी होऊन अभियांत्रिकीला किंवा नर्सिंगला गेला, तर मोठा खर्च सुरू होण्याच्या नेमक्या वेळी त्याचा आधार संपतो. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात ही मुदत गरजेनुसार २५ वर्षांपर्यंत वाढवता यावी असे सुचवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सज्ञान मुलाचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत आईला त्याच्या खर्चासाठी रक्कम मंजूर केली. कायदा मात्र तिथेच आहे. भुसावळ-जळगावला अप-डाऊन करून शिकणाऱ्या पोरांकडे पाहिले की अठराची ही रेघ किती चुकीच्या जागी ओढली आहे ते कळते, आणि ती बदलली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात कितीतरी प्रकरणे न्यायालयापर्यंत जात नाहीत. नातेवाईक बसतात, समाजाची पंचायत बसते, एकरकमी आकडा ठरतो, फारकत होते. तडजोडीने सुटणारे भांडण सुटावेच. पण त्या बैठकीत आईचा हिशेब आणि मुलाचा हिशेब एकाच गाठोड्यात बांधला जातो, तिथे माझा आक्षेप आहे. आईने स्वतःचे काही सोडले तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही. तो त्याचा आहे. चार वर्षांच्या मुलासाठी आज ठरलेली ठोक रक्कम तो दहावीला जाईपर्यंत पुरेल का, हे तिथेच कागदावर मांडून पाहावे. वडिलांकडून नेहमी येणाऱ्या तक्रारीचीही दखल घ्यायला हवी : मी देतो ते पैसे मुलावरच खर्च होतात कशावरून? ही शंका प्रत्येक वेळी दुष्टपणातून येत नाही. लेकराची भेट दुरावलेल्या बापाला पैसा हाच एक दुवा उरलेला असतो. पण मुलाचा वाटा घराच्या खर्चात मिसळलेला असतो. वरणाच्या पातेल्यातला त्याचा घास वेगळा काढून पावती जोडता येत नाही, आणि आईने महिन्याचा हिशेब सादर करावा असे बंधन कलम १४४ घालत नाही. शंका असेल तर फी थेट शाळेत भरण्याचा आदेश मागता येतो, आणि परिस्थिती बदलली तर रक्कम कमी-जास्त करून मागता येते. ते दोन्ही मार्ग पैसे थांबवण्यापेक्षा सरळ आहेत. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे आईच्या बाजूने विसरू नये.

या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला माझी एक विनंती आहे. कलमे उघडण्याआधी ओळखीच्या एका मुलाचा जून ते मे असा वर्षाचा खर्च, त्याच्या आईजवळ बसून, वहीत उतरवा. शक्य असेल तर वडिलांचीही बाजू तशाच तीन वर्षांच्या हिशेबाने लिहा. आणि ज्या आईला वकील परवडत नाही तिला सांगा की स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, आणि सावद्याच्या माणसाला त्यासाठी रावेरच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. जाताना ती वही सोबत न्यावी.

सावदा, ता. रावेर, जि. जळगाव